रघुसरांची नऊ मिनिटं

रघुसरांच्या गौरव अंकासाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलाला बसले, तेव्हा माझ्याकडेच मागणार हे उघड होतं. ‘त्यांची जिद्द, त्यांचं कार्य, असं काहीतरी छान येऊ द्या,’ असं फोनवरच्या बाईंनी वर सुचवलंही. जिद्दीबद्दल लिहायला माझी हरकत नाही. त्या जिद्दीनेच घात केला, एवढंच. पण ते काही गौरव अंकात बसायचं नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

नाव रघुनाथ ओंकार पाटील. तापीकाठच्या एका खाऊनपिऊन सुखी शेतकरी घरातले. कॉलेजात असताना नजर कडेकडेने कमी होत गेली आणि पंचविशीच्या आत पुरती गेली. घरच्यांनी ओसरीवर खाट टाकून दिली. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, बसल्या जागी आयुष्य काढायची सोय चोख होती. सर त्या खाटेवरून उठले, नाशिकला जाऊन संगणक शिकले आणि परत येऊन तळोद्याला अंधांच्या संगणक केंद्रात मास्तर झाले. केंद्र म्हणजे खताच्या गोदामामागच्या दोन खोल्या. युरियाचा वास कपड्यांना लागून घरापर्यंत यायचा. मी अक्कलकुव्याहून रोज ये-जा करायचे, तर शेजारची बाई जीपमध्ये नाकाला पदर लावून बसायची.

केंद्रात दोन कामं चालत. एक, डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या अंध मुलामुलींना शिकवणं. दुसरं तपासणीचं. संगणकात एक आवाज असतो. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवतो आणि ते ऐकत अंध माणूस आपलं काम करतो. पण समोरचं पान नीट बांधलेलं नसेल, बटणाला आतून नाव दिलेलं नसेल, तर तो आवाज नुसतं ‘बटण’ म्हणतो आणि गप्प बसतो. कशाचं बटण, ते डोळेवाल्यांनी बघावं. कुठल्या संकेतस्थळावर, कुठल्या ॲपमध्ये अंधांची अशी कोंडी होते ते शोधायला काही कार्यालयं आमच्याकडे काम पाठवायची. सर शोधायचे, मी पडद्यावर बघून पडताळायचे आणि अहवाल लिहायचे. त्या आवाजाला सर ‘बाई’ म्हणत. “नंदा, बाई काय म्हणी ऱ्हायनी ते लिख,” असं म्हणून ते सुरू करायचे. बाई इतक्या वेगाने बोलायची की मला चक्कीत ज्वारी ओतल्यासारखा नुसता खरखराट ऐकू यायचा. सरांना त्यातला शब्द न् शब्द कळायचा, आणि आपल्याला कळतो याचा त्यांना भारी तोराही होता.

केंद्रात सहा संगणक. त्यातल्या पाचांचे पडदे कायम बंद. वीज वाचवायला नव्हे, तत्त्व म्हणून. “पडदा चालू ऱ्हायना का देखनारा मधमा तोंड घालस,” सर सांगायचे, “आनि पोरं शिकानं सोडी देतस.” सहावा पडदा माझा. तोही त्यांना खुपायचाच.

खांद्यावर बारा महिने एक पंचा असायचा. तो घाम पुसायला कमी आणि लोकांना धडा शिकवायला जास्त. एकदा पुण्याहून एका कंपनीचा अभियंता नवं ॲप दाखवायला आला. लॅपटॉप उघडून त्याने रंग, चित्रं, हलणारी पट्टी असं कौतुकाने सांगायला सुरुवात केली. सरांनी शांतपणे पंचा काढला आणि चाचपत लॅपटॉपच्या पडद्यावर टाकला. म्हणाले, “आते दखाड.” त्याला अहिराणी कळली नाही, पण ‘आता दाखव’ हा मतलब कळला. त्याने माऊस हलवला, पंचा वर करून खालून डोकावला. सरांनी पंचा पुन्हा नीट केला. अर्ध्या तासाने तो बिचारा स्वतःच्याच ॲपमधून बाहेर कसं पडायचं ते सरांना विचारत होता. चहा मात्र सरांनी त्याला स्वतः करून पाजला, आणि जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. आमचं रोजच असं होतं.”

नंदुरबारच्या एका बैठकीत तर त्यांनी कहर केला. एका कार्यालयाच्या संकेतस्थळाबद्दल दोन शब्द बोला, असं त्यांना सांगितलं होतं. सर उठले, हात मागे बांधले आणि बाई ते पान जसं वाचते तसं तोंडपाठ म्हणायला लागले. “स्वागत आहे. स्वागत आहे. चित्र. चित्र. लिंक. आय एम जी शून्य शून्य चार. स्वागत आहे. लिंक. लिंक. स्वागत आहे.” चार मिनिटं, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. लोक आधी हसले, मग चुळबुळ करायला लागले. शेवटी एका साहेबांनी विचारलं, यात दिव्यांगांसाठी वेगळी सोय दिली आहे ना? सर म्हणाले, “आहे ना साहेब. चाकाच्या खुर्चीचं चित्र आहे म्हणतात कोपऱ्यात. बाई त्याला नुसतं लिंक म्हणते. ज्याला दिसतं त्याने दाबावं.” त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला होता, की परतीच्या एसटीत मी उगाच सगळ्यांकडे बघत होते.

म्हणजे माणूस कसा होता ते कळलं असेल. आता दुसरी बाजू. सरांना राग एकाच शब्दाचा यायचा. आंधळा म्हणा, सूरदास म्हणा, हसण्यावारी न्यायचे. ‘बिचारा’ म्हटलं की संपलं. एकदा तळोद्याच्या स्टँडवर ते अक्कलकुव्याच्या गाडीची वाट बघत होते. कोणीतरी भल्या माणसाने दंड धरला आणि ओरडला, “बिचाऱ्याला चढू द्या रे!” सरांनी हात झटकला आणि समोर जी गाडी होती तिच्यात तडक चढून बसले. कंडक्टरने आवाज दिला तेव्हा कळलं, गाडी शहाद्याची. उतरायला वेळ होता, पण तो भला माणूस अजून खाली उभा होता. सरांनी शहाद्याचं तिकीट काढलं, शहाद्याला गेले, चहा प्यायले आणि परत आले. हे त्यांनी मला दोन-तीन वर्षांनी सांगितलं, हसत हसत. मीही पोट धरून हसले. तेव्हा हसण्याऐवजी मी घाबरायला हवं होतं.

शिकवण्याची त्यांची एक खास रीत होती. संकेतस्थळं नीट होतील तेव्हा होतील, मुलांची कामं तर आज अडली आहेत. म्हणून प्रत्येक पानाची ते एक ‘वाट’ तयार करायचे. टॅबची कळ दाबली की बाई एकेक पायरी पुढे सरकते. तर पाच टॅब, मग खाली बाण दोनदा, मग एंटर, मग पुन्हा नऊ टॅब, असं सगळं मोजून ठेवायचं. बाई नुसतं ‘बटण, बटण’ म्हणत राहिली तरी मोजलेल्या जागी एंटर दाबलं की काम होतं. रेल्वेची वाट, बँकेची वाट, दाखल्याची वाट. मुलं त्या ब्रेलमध्ये उतरवून घ्यायची आणि शाळेतल्या कवितेसारख्या घोकायची. मी एकदा म्हटलं, “सर, एका बाजूने आपण अहवालात लिहितो की अंधांना हे पान वापरता येत नाही, आणि दुसऱ्या बाजूने त्यांना ते वापरायला शिकवतो. उद्या कोणी विचारलं तर?” त्यांना ते लागलं. “मंग काय करू? पोरेसले बसाडी ठेवू?” मी पुढच्या पानाचा अहवाल लिहायला घेतला.

वेस्ती त्यांची लाडकी. तोरणमाळच्या अलीकडच्या एका पाड्यावरची, जन्मापासून अंध, वय बावीस-तेवीस. घरी पावरी बोलायची. मराठी शाळेतलं, त्यामुळे एकेक शब्द नीट जोडून बोलायची, आणि आम्ही आपसात अहिराणीत बोलायला लागलो की कान टवकारून बसायची. सरही तिच्याशी पुस्तकी मराठीच बोलायचे. तिच्या घरचे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जात. मागे कोणी उरत नसे, म्हणून तिलाही नेत. तिथे पालात बसून भावांची पोरं सांभाळायची आणि चाचपून भाकरी थापायच्या. “चार महिने मी एका जागेवर असते, सर,” असं ती एकदा म्हणाली होती. सरांना घरची ती ओसरीवरची खाट आठवली असणार.

म्हणून त्या जागेची बातमी आली तेव्हा सर अक्षरशः नाचले. एका सरकारी वसतिगृहात फोन आणि नोंदी सांभाळायची जागा, अंध उमेदवारासाठी राखीव. वेस्ती त्यात फिट बसत होती. जिल्ह्यात तिच्याइतकं संगणक येणारी दुसरी अंध मुलगी नव्हती, हे मी पैजेवर सांगते. मात्र अर्ज फक्त नव्या संकेतस्थळावरून घेणार होते, आणि ते सुरू करण्याआधी अंधांना वापरता येतं असं प्रमाणपत्र हवं होतं. ते द्यायचं काम आलं आमच्याकडेच.

सरांनी तीन दिवस तो अर्ज पिंजून काढला. सात जागी माणूस अडकत होता. पहिलीच चूक मी ठळक लिहिली: अगदी खालच्या ओळीतल्या बटणांना नावंच नाहीत, त्यामुळे अर्ज छापायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं ते ऐकून कळत नाही. यादी आम्ही आधी पाठवली. उत्तर आलं नाही. मग नंदुरबारला सर्वांसमोर प्रत्यक्ष चाचणी ठरली. एसटीत सर खुशीत होते. म्हणाले, “देख नंदा, पहिलं बिननावनं बटण उनं का मी हात वर करसू. बठ्ठासमोर सांगसू, आठून पुढे आंधळा जाऊ शकस नही.” मी म्हटलं, “नक्की ना सर? पहिल्याच बटणाला थांबाल?” म्हणाले, “अवं, त्यान्हासाठीच तं जाई ऱ्हायनूत.”

सभागृह भरलेलं होतं. समितीचे साहेब, कंपनीचा माणूस, दोन बाया, एक छायाचित्रकार. सर खुर्चीवर बसले, बोटांनी कळांचा अंदाज घेतला. कंपनीचा माणूस मनापासून म्हणाला, “सरांना अडलं तर मी शेजारीच आहे.” आणि साहेब म्हणाले, “हो हो, बिचाऱ्यांना ताण देऊ नका. जमेल तेवढं करू द्या.”

सरांची मान ताठ झालेली मी बघितली. त्या क्षणी मला कळलं, गाडी शहाद्याला निघाली.

ते कुठेच अडले नाहीत. सातही जागा त्यांना पाठ होत्या, तीन दिवस त्यांनी दुसरं केलं काय होतं? बाई ‘बटण, बटण’ म्हणत होती आणि सरांची बोटं पेटी वाजवावी तशी पळत होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ मिनिटं झाली आणि अर्ज भरून झाला. टाळ्या पडल्या. एक बाई डोळे पुसत होत्या. कंपनीचा माणूस स्वतः एवढा चकित झाला की मला म्हणाला, “मॅडम, आमच्या ऑफिसात कोणालाही एवढ्या वेळात भरता येत नाही.” लगेच शाल आली, नारळ आला. यादी माझ्या पर्समध्ये होती. मी वाकून हळूच विचारलं, “सर, त्या सात चुका?” ते नारळ हातात घेऊन हसत होते. ओठ न हलवता म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मंग देखसूत.”

कागदावर प्रश्न एकच होता. अंध व्यक्ती हा अर्ज दुसऱ्याच्या मदतीशिवाय भरू शकते काय? हो किंवा नाही. मी ‘हो’वर खूण केली. ते खोटं नव्हतं, आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सरांनी सही केली, खाली सहायक म्हणून मी केली. परत येताना शाल मांडीवर घेऊन सर खिडकीशी बसले होते. शहर मागे पडल्यावर एकदाच म्हणाले, “टाळ्या किती वाजन्यात वं!”

पुढचं सगळं इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. वेस्तीने अर्ज स्वतः भरला. सरांनी तिला वाट दिली होती, तिने ती आठवडाभर घोकली, सगळा वर्ग तिच्या खुर्चीभोवती उभा राहिला आणि तिने तो बरोबर भरला. सरांनी शेव-जिलेबी आणली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिला अर्जाची एक प्रत छापून घ्यायची होती. वाटेप्रमाणे खालच्या ओळीतलं पहिलं बटण म्हणजे ‘छापा’. पण त्याच आठवड्यात कंपनीने त्या ओळीत एक नवं बटण सगळ्यात आधी टाकलं होतं, ‘अर्ज मागे घ्या’. बाई दोन्हींना ‘बटण’च म्हणत होती. वेस्तीने बरोबर मोजलं आणि एंटर दाबलं. बाई म्हणाली, “ठीक आहे, बटण.” छापतानाही बाई हेच म्हणायची, म्हणून तिने पुन्हा एंटर दाबलं. छपाईयंत्र हललं नाही. सर म्हणाले, “शाई संपली असेल. उद्या करू.”

पडद्यावर त्या वेळी लाल अक्षरांत एक ओळ आली होती, जी बाईने वाचली नाही. पडदा बंद होता. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, माझ्या सहाव्या संगणकावर दुसऱ्या कुठल्यातरी ॲपचा अहवाल लिहीत. हात लांबवून एक कळ दाबली असती तर ती ओळ मला दिसली असती, आणि मुदत संपायला अजून पाच तास होते. पण त्या खोलीत कोणी पडदा चालू करत नसे. मीही नाही केला.

आठवड्याने पात्र उमेदवारांची यादी लागली. वेस्तीचं नाव नव्हतं. मी तिचा अर्ज उघडला आणि वाचला: आपण आपला अर्ज मागे घेतला आहे. वेस्तीने तीनदा वाचायला लावलं. “मी नाही घेतला,” ती म्हणाली. “मी नीट मोजलं होतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “मोजताना चुकले असेन.” सर संगणकाशी बसले. मी पडद्यावरचं सांगत गेले, ते मोजत गेले. दुपारपर्यंत त्यांना लख्ख कळलं की पोरगी चुकली नव्हती, ओळच सरकली होती. आणि त्या बटणांना नावं असती, तर ओळ शंभरदा सरकली तरी काही बिघडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नंदुरबारला समितीच्या त्याच साहेबांसमोर. साहेब वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावून टेबलावर ठेवला. तो म्हणाला, “पण सरांनी तर नऊ मिनिटांत भरला होता ना? मग अर्जात काय दोष?” खोलीत सगळे सरांकडे बघायला लागले. आणि सर म्हणाले, “पोरीचा सराव जरा कमी पडला असेल.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या बघण्याचा त्यांना काय उपयोग!

फोन ठेवून साहेब म्हणाले, “पाटील सर, मार्ग आहे. तुम्ही लेखी द्या, की चाचणीच्या वेळीच दोष होते, तुम्हाला क्रम पाठ होता म्हणून अर्ज भरता आला, आणि प्रमाणपत्र चुकीने दिलं गेलं. दोघांच्या सह्या हव्यात. उद्या संध्याकाळपर्यंत द्या, मी वरून तिचा अर्ज उघडून घेतो. नाहीतर मला उमेदवाराची चूक असंच लिहावं लागेल.”

म्हणजे एक कागद. मी तो त्याच दुपारी केंद्रात टाइप केला आणि सरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “‘क्रम पाठ होता’ हाई काढ.” मी काढलं. मग म्हणाले, “‘चुकीनं’ नको लिखू. लोके काय म्हनतीन?” मीही पेटले. “लोक म्हणतील, रघुसरांना जमलं नाही. म्हणू द्या ना सर! तुम्हीच सांगणार होता सगळ्यांसमोर, आठून पुढे आंधळा जाऊ शकस नही.” ते पंचाचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, “नंदा, पंचवीस वरीस झायात. माले जमनं नही असं अजून कोनी म्हनेल नही शे.” मी पत्र पुन्हा पहिल्यासारखं केलं आणि त्यांच्या हाती दिलं. म्हणाले, “सकायले सही करसू.”

सकाळी ते आलेच नाहीत. फोन बंद. दुपारी कळलं की गावी गेलेत, भावाकडे काही कार्य आहे. मुदत त्याच संध्याकाळी संपली. तिसऱ्या दिवशी ते केंद्रात आले, पंचा खांद्यावर, आणि नेहमीच्या आवाजात वर्ग सुरू केला. पत्राचं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. मी एकटीने सही करून साहेबांकडे धाव घेऊ शकले असते. दोन सह्या हव्या होत्या खऱ्या, पण एकीने तर सुरुवात झाली असती. माझा करार दर वर्षी नवा व्हायचा, आणि त्या चुकीच्या कागदावर खाली माझंही नाव होतं. सरांची झाली की मग माझी, असं म्हणून मी बसून राहिले. सरांवर रागावणं मला अजून जमतं, कारण त्यामुळे स्वतःकडे बघावं लागत नाही.

दिवाळी झाली. एक दिवस वेस्तीच्या भावाचा फोन आला, आज निघतो आहोत, वेस्ती सरांना विचारते आहे. मी सरांना सांगितलं. ते लगेच उठले. स्टँडपर्यंत त्यांनी माझा दंड धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मुकादमाने पाठवलेली पिकअप उभी होती. मागे गोधड्या, पातेली, कोयते, एका पाटीखाली कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये वेस्ती, मांडीवर भावाचं पोर घेऊन. “सर आलेत,” मी म्हटलं. ती उठायला गेली, पण पोरामुळे उठता येईना.

“सर, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं,” ती म्हणाली. एकेक शब्द नीट जोडून, नेहमीसारखा. “सगळे म्हणतात, सरांनी नऊ मिनिटांत केलं. मला मोजता आलं नाही. पुढच्या वर्षी जागा निघाली तर मी नीट मोजीन.”

सरांचे ओठ हलले. मी वाट बघत होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तिचा बाप पावरीत काहीतरी ओरडला, फाळका वर झाला.

“सराव सोडू नको,” सर म्हणाले.

“नाही सोडणार, सर,” वेस्ती म्हणाली.

पिकअप वळली, गुजरातच्या रस्त्याला लागली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. तेव्हा सर बोलायला लागले. जिथे पिकअप उभी होती त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, मोठ्याने, आणि अहिराणीत, जी वेस्तीला धड कळतही नव्हती. “तू चुकनी नही वं बेटा. तू बराबर मोजं. मी चुकनू. त्या दिवशे मी अडकाले पाहिजे व्हतं, बठ्ठासमोर, पन मी अडकनू नही. मंग एक सही करानी व्हती, तीबी मन्हा हाते व्हयनी नही. तुन्ही जागा मी घालाडी. आयकी ऱ्हायनी ना? मी घालाडी.”

एक हमाल डोक्यावर पोतं घेऊन थांबला आणि बघत राहिला. स्टँडवर चार-पाच जीपा घरघरत होत्या, हे खरं आहे. पण सरांचे कान मला माहीत आहेत. गाडी गेलेली त्यांना कळली नव्हती, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. बोलणं झाल्यावर ते तसेच उभे राहिले, पलीकडून काही उत्तर येईल अशा बेताने मान किंचित पुढे काढून. गाडी गेली, असं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही.